बेटाचे विमान आणि चुडाव्याचा उतारू

गोव्याच्या 'फ्लाय ९१' या लहानशा विमान कंपनीने १८ मार्च २०२४ रोजी उड्डाणे आरंभिली. प्रथम लक्षद्वीपमधील अगत्ती बेट, सिंधुदुर्ग, जळगाव आणि ९ जून २०२५ पासून सोलापूर, असा तिचा विस्तार होत गेला. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची. तेथे मोठ्या विमानांचे काम नाही. मोठ्यांनी टाकलेली गावे लहानांनी जोडावीत, हे धोरण आम्हांस मान्य आहे; परंतु विस्ताराच्या घोषणा ऐकून हुरळून जाण्याइतके मराठवाड्याचे मन आता भाबडे राहिलेले नाही.

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील एक साधे स्थानक. तेथल्या उतारूला जवळचा विमानतळ नांदेडचा. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त त्याचा विस्तार झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून 'उडान' योजनेच्या पहिल्या उड्डाणांचा शुभारंभ केला, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. ते चालविणाऱ्या ट्रूजेट कंपनीची सेवाच फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. पुढे २०२४ मध्ये स्टार एअरची विमाने नांदेडहून उडू लागली खरी; पण मधल्या काळात ज्यांचे बेत फसले, त्यांच्या मनातील शंका नव्या वेळापत्रकाने फिटत नाही.

हे केवळ नांदेडचे दुर्दैव नव्हे. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनीच सवलतीची तीन वर्षे पुरी केली. आणि मार्च २०२३ मध्ये त्यापुढे टिकून राहिलेले मार्ग होते अवघे ५४. तीन वर्षे तूट सरकारने भरावयाची, तीतही राज्याने आपला वाटा उचलावयाचा, आणि मुदत सरताच विमान निघून जावयाचे, याला दळणवळण म्हणावे काय?

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटे आहेत. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे तेथील नियमित उड्डाण अवघ्या दोन मिनिटांचे, जगातील सर्वांत छोटे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या लोगनएअर कंपनीने ते १९६७ मध्ये सुरू केले. नफ्याच्या हिशेबाने ते कधीच बंद पडले असते. परंतु बेटांच्या स्थानिक परिषदेने सार्वजनिक सेवेचा करार करून ते टिकविले. पैसा तेथेही सार्वजनिकच. मात्र त्याच्या मोबदल्यात सेवेची हमी घेतली जाते.

आमचे म्हणणे इतकेच. नवा मार्ग देण्यापूर्वी कंपनीने जुन्या मार्गांवर किती उड्डाणे केली व किती रद्द केली, याचा हिशेब सरकारने लोकांपुढे मांडावा. सेवा थांबवावयाची तर काही महिने आधी सूचना देण्याचे बंधन असावे, आणि ते मोडल्यास अनामत जप्त व्हावी. तिसऱ्या वर्षानंतर काय, याचे उत्तर पहिल्याच दिवशी करारात लिहिलेले असावे.

चुडाव्याचा माणूस रेल्वेची वाट पाहतो, ती ती वेगवान आहे म्हणून नव्हे. आज चुकली तरी उद्या येईल, हे त्याला ठाऊक असते म्हणून. हा भरवसा ज्या विमानाला देता येत नाही, त्याने आणखी चार गावांची नावे फलकावर लिहिण्याची घाई करू नये.