ओव्याच्या तेलाला पुरावा हवा

संवर्धित माशांच्या आरोग्याचा प्रश्न आपल्याकडे बहुधा निर्यातीला ठेच लागली की आठवतो. प्रतिजैविकांच्या अवशेषांवरून युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा दिल्ली खडबडून जागी झाली. अशा वेळी खाद्यात मिसळायच्या वनस्पतिजन्य सुगंधी तेलांकडे नजर वळणे स्वाभाविक आहे. त्यांना माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो ‘वनौषधी’ हा शब्द पुरावा मानण्याला.

ओव्यातील थायमॉल किंवा ऑरेगॅनोतील कार्व्हॅक्रॉल जिवाणूंच्या पेशीचे आवरण खिळखिळे करते. माशांच्या पचनावर आणि रोगप्रतिकारशक्तीवर त्यांचा चांगला परिणाम अनेक प्रयोगांत दिसला आहे. पण प्रयोगशाळेतील टाकी वेगळी आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील तळे वेगळे. ही तेले मुळातच उडून जाणारी. खाद्याच्या गोळ्या करताना वाफेची उष्णता लागते, त्यात त्यांचा अंश घटतो. म्हणून त्यांना सूक्ष्म कवचात बंद करावे लागते आणि किंमत वाढते. शिवाय एकाच वनस्पतीच्या तेलातील घटक जमीन, वाण आणि कापणीचा हंगाम यांनुसार बदलतात. मात्रेचे म्हणाल तर लवंगेच्या तेलाने मासे चक्क बेशुद्ध करतात! तेव्हा ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीला येथे थारा नाही. कोळंबीवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगावर तर खात्रीचा इलाज अजूनही नाही. तो बाटलीत मिळतो असे सांगणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

युरोपीय संघाच्या २००३ च्या नियमानुसार खाद्यपूरक बाजारात आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता आणि परिणामकारकता दोन्ही सिद्ध करावी लागते. आपल्याकडे किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, मानवी आरोग्यास घातक प्रतिजैविकांना मज्जाव झाला. पण त्या कायद्याची हद्द किनाऱ्यापुरती. देशाच्या मत्स्योत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा अंतर्देशीय आहे. आंध्रच्या तळ्यांतून बर्फात भरून कोलकाता आणि ईशान्येकडे जाणारा रोहू-कटला परदेशी प्रयोगशाळेच्या दारात कधी उभाच राहत नाही. आंध्रने २०२० मध्ये मत्स्यखाद्याच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र कायदा केला, हे खरे. तो त्या राज्यापुरता.

माझी मागणी साधी आहे. बाटलीवर मुख्य घटकाचे प्रमाण, कोणत्या जातीच्या माशाला किती मात्रा आणि चाचणी कुठे झाली, हे छापणे बंधनकारक करावे. भुवनेश्वरची गोड्या पाण्यातील आणि चेन्नईची निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था, दोन्ही केंद्राच्याच आहेत. प्रत्यक्ष तळ्यांवरील चाचण्यांचे काम त्यांना द्यावे, निष्कर्ष तेलुगू, बांगला, ओडिया भाषांतून जाहीर करावेत. उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खाद्यावरच जातो. ज्या दुकानातून ते उधारीवर येते, त्याच दुकानदाराच्या सल्ल्याने बहुतेक छोटे मत्स्यपालक ही बाटलीही घेतात, आणि ती फसली तरी उधारी फेडावीच लागते.