अचूकतेची टक्केवारी नको, गार ओळखा

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या अल्लीपूरच्या वावरांत गहू-हरभरा काढणीला आलेला असतो. नेमका तेव्हाच मोबाइलवर संदेश येतो: वर्धा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता. या संदेशावर शेतकऱ्याने काय करायचे? गंजी कोणी झाकायची, अल्लीपूरने की जिल्ह्यातल्याच आष्टीने?

नागपूरचे डॉप्लर रडार इथून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर आहे. ढगातल्या गारेवर आपटून येणारा त्याचा संकेत साध्या पावसाच्या संकेताहून जोरकस असतो; तो 55 डीबीझेडच्या (संकेताच्या जोराचे माप) वर गेला की गारेची शंका घ्यावी लागते. पण मुसळधार पाऊसही कधी कधी तसाच दिसतो. हा फरक ओळखायला डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे संगणकीय मॉडेल, कामाचे आहे, आणि त्यासाठी कोट्यवधींचे संगणकच हवेत ही सबब मला मान्य नाही. मॉडेलमधले 32 बिटांचे आकडे 8 बिटांवर आणले की त्याचा आकार चौथाई होतो. बिनकामाच्या जोडण्या छाटल्या की ते आणखी हलके होते. असे मॉडेल तहसील कचेरीतल्या साध्या संगणकावरही चालेल.

आता अशा मॉडेलांच्या अचूकतेच्या बढाया. समजा, 10 हजार स्कॅनपैकी 50 मध्येच गार आहे. डोळे मिटून दरवेळी ‘गार नाही’ म्हणणारे मॉडेलही 99.5 टक्के अचूक ठरते, आणि एकाही शेतकऱ्याला सावध करत नाही. किती गारा पकडल्या आणि किती वेळा उगाच घाबरवले, हे दोन आकडे न सांगणारा निकाल ही शुद्ध फसवणूक आहे.

मॉडेलला शिकवायला गार कुठे, किती वाजता पडली याची खरी नोंद लागते. गारपिटीनंतर तलाठी बांधावर येतो, पंचनामा होतो, नुकसान 33 टक्क्यांवर गेले की नाही एवढे पाहिले जाते आणि कागद फायलीत जातो. त्यात वेळ आणि गारेचा आकार लिहून तो रडारच्या स्कॅनशी जोडायला असा किती खर्च येणार?

अमेरिकेने आपल्या रडारांचा मूळ साठा मोफत खुला केला आहे. आपल्याकडे लोकांना रंगीत चित्रे दाखवतात. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये हवामान अंदाज सुधारण्याच्या मिशन मौसमला 2 हजार कोटी मंजूर केले. त्या पैशाचा हिशेब आम्हाला इशाऱ्याच्या रूपाने, गावाच्या नावानिशी, मराठीत, गार पडण्याच्या अर्धा तास आधी मिळाला पाहिजे. रडारचे आकडे खुले करा, पंचनामे त्यांना जोडा. तोवर अचूकतेचे दावे आमच्यापुढे मांडू नका.