व्हॅक्सिनमधली गाय

व्हॅक्सिन या शब्दात चक्क एक गाय आहे. लॅटिनमध्ये गाईला ‘वाक्का’ म्हणतात. १४ मे १७९६ रोजी इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरने सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावर उठलेल्या काऊपॉक्सच्या, म्हणजे गाईंच्या देवीच्या, फोडातली लस घेतली आणि आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर ओरखडे काढून त्यांत भरली. पुढे खऱ्या देवी टोचूनही पोराला काही झालं नाही. आपला ‘लस’ शब्दही मुळात फोडातून, जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याचाच. मला तो इंग्रजीपेक्षा जास्त रोखठोक वाटतो. तेव्हा बर्फाची सोय नव्हती, त्यामुळे लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जिवंत ठेवावी लागे. अशीच ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. पुढची टोचणी या चिमुरडीच्याच दंडावरून झाली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायलाच हवं. १८८१ मध्ये लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिन’ हा शब्द सगळ्याच प्रतिबंधक लसींना लावायचं सुचवलं. म्हणूनच १८९७ साली शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत स्वतःला टोचून घेतलेल्या प्लेगच्या लशीलाही, गाईशी काडीचा संबंध नसताना, आपण व्हॅक्सिनच म्हणतो.