वळणावरचा हिशेब

घरात नवी मोटारसायकल आली की तिची पूजा होते. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, शेजारीपाजारी पेढे; आणि पहिल्या फेरीला निघालेल्या मुलाच्या पाठोपाठ दारातून एक वाक्य जाते, 'जपून चालव रे बाबा.' हे वाक्य आपल्या घरांत यझदी, राजदूत आणि चेतकच्या काळापासून चालत आले आहे आणि आजच्या दोनशे सीसीच्या गाड्यांनाही ते तितक्याच मायेने लागू केले जाते. पण जपून म्हणजे नेमके कसे, हे सहसा कोणी सांगत नाही. सरळ रस्त्यावर 'जपून'चा अर्थ 'हळू' असा लावून भागते. घाटातल्या वळणावर मात्र तेवढे पुरत नाही. तेथे गाडी कलते. आणि कललेल्या गाडीवर आपले शरीर कसे आहे, नजर कोठे आहे आणि ब्रेक कधी सुटला आहे, यावर सारे अवलंबून असते.

गाडी कलते याची अनेकांना धास्ती वाटते, तर काहींना भलताच अभिमान. खरे म्हणजे यात भिण्यासारखे काही नाही आणि मिरवण्यासारखेही नाही. पालखी सोहळ्यातल्या गोल रिंगणात धावणारा अश्व पाहा. तो आतल्या बाजूला झुकलेला असतो. तसा झुकला नाही, तर तो बाहेर फेकला जाईल. दोन चाकांच्या गाडीचेही तसेच. वळताना बाहेर ओढणारा जोर आणि खाली खेचणारे वजन यांचा मेळ बसावा म्हणून ती कलते. ती किती कलेल, हे दोनच गोष्टी ठरवतात: वेग आणि वळणाचा घेर. गाडीवर एक माणूस असो, दोन असोत, नाहीतर पुढे तांदळाचे पोते असो, वेग आणि घेर तोच असेल तर लागणारा कल जवळपास तोच राहतो.

थोडे आकडे पाहू. तीस मीटर, म्हणजे सुमारे शंभर फूट त्रिज्येचे एक वळण घ्या. घाटात अशी वळणे पावलोपावली भेटतात. ताशी ३० किलोमीटरने हे वळण घेतले तर गाडी साधारण १३ अंश कलावी लागते. ४० ने घेतले तर २३ अंश, ५० ने घेतले तर ३३ आणि ६० ने घेतले तर ४३ अंश. पाढ्यासारखा लक्षात राहावा असा हा हिशेब आहे: अशा वळणावर वेग दहाने वाढला की कल दहा अंशांनी वाढतो. आणि ४५ अंशांच्या कलाला टायरने रस्त्याला आडवे धरून ठेवण्याचा जोर हा गाडी आणि माणूस यांच्या एकूण वजनाएवढा लागतो. चांगल्या, कोरड्या, स्वच्छ डांबरावरही ती टोकाचीच मागणी म्हणावी लागेल. मग जुलै महिन्यातल्या ताम्हिणी किंवा आंबोलीच्या ओल्या रस्त्यावर, जेथे कडेने खडी वाहून आलेली असते आणि मधोमध एखाद्या ट्रकचे डिझेल सांडलेले असते, तेथे ती मागणी कोण पुरी करणार?

टायरची पकड ही नोकरदाराच्या पगारासारखी असते. महिन्याला ठरलेली, आणि त्यातूनच सगळे भागवायचे. घरभाड्यात जास्त गेले की किराण्याला कमी उरते. तसेच वळण घेण्यात पकड खर्च झाली की ब्रेकसाठी कमी उरते. वळणाच्या मध्यावर, गाडी पुरती कललेली असताना जो घाबरून ब्रेक दाबतो, तो महिनाअखेरीस खिसा रिकामा असताना उधारी मागायला निघालेला असतो. मागचे चाक घसरते तरी, किंवा पुढच्या ब्रेकने गाडी उभी होऊन सरळ वळणाच्या बाहेरच्या कडेकडे धावते तरी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण एबीएस चाक अडकू देत नाही, एवढेच. पगार वाढवून देण्याची विद्या त्याला येत नाही.

म्हणून वळण हे वळणाच्या आधी घ्यायचे असते. वेग कमी करायचा तो सरळ रस्त्यावर, गाडी उभी असताना. गिअर खाली आणायचा तोही तेव्हाच. मग ब्रेक सोडून, अॅक्सिलरेटर किंचित, एकसारखा धरून वळणात शिरायचे. ज्याने आधी वेग उतरवला, त्याला वळणात हातचे काही शिल्लक असते. अचानक म्हैस आडवी आली, तर ती शिल्लक कामी येते.

आता शरीराच्या ठेवणीकडे येऊ, कारण तरुण मंडळींचा सारा जीव तेथे अडकलेला असतो. शर्यतीचे वीर सीटवरून अर्धे खाली उतरून, गुडघा जमिनीला घासत वळण घेतात, ती छायाचित्रे कोणी पाहिली नाहीत? फार पूर्वी असे नव्हते. जुन्या पिढीचे शर्यतपटू गाडीच्या रेषेतच अंग ठेवून कलत. सत्तरच्या दशकात फिनलंडच्या यार्नो सारिनेनने गुडघा बाहेर काढण्याची ढब रूढ करायला सुरुवात केली आणि १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे जगज्जेता ठरलेल्या अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने ती सर्वत्र नेली. आजचे मोटोजीपीचे स्वार साठ अंशांहूनही अधिक कलतात आणि गुडघाच काय, कोपरही टेकवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आपल्याकडच्या प्रेक्षकांनी हे प्रत्यक्ष पाहिले.

पण ते असे का करतात? गाडी जितकी जास्त कलते, तितकी टायरच्या कडेवर येते आणि तिचे खालचे भाग जमिनीला टेकू लागतात. स्वाराने आपले वजन आतल्या बाजूला नेले, तर त्याच वेगाला गाडी थोडी कमी कलून भागते. शरीराच्या ठेवणीचे सारे रहस्य एवढेच आहे. आणि त्याची किंमत किती? समजा गाडी १३० किलोची आणि स्वार ७० किलोचा. त्याने आपले अंग चार इंच आत नेले, तर गाडीचा कल जेमतेम तीन अंशांनी वाचतो. वरच्या हिशेबाने तीन अंश म्हणजे ताशी तीन किलोमीटर. वळणाआधी वेग दहाने उतरवला, तर दहा अंश वाचतात. ज्याला हा हिशेब कळला, त्याला रस्त्यावर गुडघा घासण्याचे वेड लागणार नाही. शर्यतीच्या मैदानावर टायर आधी गरम केलेले असतात, समोरून वाहन येत नाही आणि पडणाऱ्याला थांबवायला मोकळी जागा ठेवलेली असते. घाटात एका बाजूला कातळ असतो, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोर एसटी.

म्हणजे शरीराला काहीच महत्त्व नाही, असे नव्हे. उलट, साध्या स्वारासाठी ती एक सभ्य सवय आहे. गुडघ्यांनी टाकी धरावी, पंजे फुटरेस्टवर ठेवावेत, कोपर सैल असावेत, आणि वळणाच्या आतल्या बाजूला छाती-खांदे किंचित झुकवावेत. हे तीन अंश वेग वाढवण्यासाठी खर्च करायचे नाहीत. ते अडीअडचणीला शिल्लक ठेवायचे. पुष्कळ जण नेमके उलट करतात. गाडी कलते तसे ते भीतीने ताठ होतात किंवा बाहेरच्या बाजूला झुकतात, आणि बिचाऱ्या गाडीला त्यांच्या भीतीपायी आणखी कलावे लागते.

दुसरी गोष्ट नजरेची. जेथे नजर, तेथे गाडी. वळणावरच्या दगडाकडे पाहात राहिलात, तर दगडच गाठाल. मान वळवून वळण जेथे संपते तेथे पाहावे. हात आपोआप तिकडे जातात. हातांचीही एक गंमत आहे. वेगात असताना डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते, म्हणजे क्षणभर चाक उजवीकडे फिरते, आणि त्यामुळेच गाडी डावीकडे कलते. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचा धंदा मुळात सायकलींचा. सायकलस्वार नकळत हेच करतात, पण विचारले तर त्यांना सांगता येत नाही, हे विल्बर राइटच्या लक्षात आले होते. आपण सगळेच हे नकळत करतो. पण गाडी वळणाबाहेर जाऊ लागली, की घाबरलेला माणूस ब्रेककडे धावतो. गाडीत अजून कलण्याची ताकद शिल्लक असते आणि तो ती न वापरताच रस्ता सोडतो. आतली मूठ शांतपणे आणखी थोडी ढकलावी, हे ज्याला माहीत असते, त्याच्यासाठी ते वळण पुष्कळदा निभावून जाते.

आणखी एक धोका असा आहे, की तो वळण घेणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. उजव्या वळणावर गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला कलते. चाके पांढऱ्या रेषेच्या आत असतात, म्हणून स्वाराला वाटते आपण आपल्या हद्दीत आहोत. पण ३० अंश कललेल्या स्वाराचे डोके चाकांपासून दोन-सव्वादोन फूट बाजूला गेलेले असते. चाके रेषेला लागून, तर डोके रेषेपलीकडे! समोरच्या ट्रकला काही चुकल्याची जाणीवही नसते. म्हणून उजव्या वळणावर चाके रेषेपासून चांगली दूर ठेवावीत.

आतापर्यंत चालवणाऱ्याविषयी बोललो. पण आपल्याकडे गाडी एकट्याची क्वचितच असते. मागे पत्नी, आई, बहीण, मित्र कोणीतरी असतेच. मागच्या माणसाचे वजन साठ किलो धरले, तर तो चालवणाऱ्याइतकाच वळणाचा भागीदार झाला. चालवणारा आत झुकतो आहे आणि मागचा 'पडतो की काय' म्हणून बाहेर झुकतो आहे, म्हणजे एकाची तीन अंशांची बचत दुसऱ्याने उडवली. शिवाय दोघांच्या वजनाने गाडी खाली बसते आणि तिचा स्टँड किंवा फुटरेस्ट लवकर घासतो. मागे बसणाऱ्याने फार काही करायचे नसते. वळणाच्या आतल्या बाजूने, चालवणाऱ्याच्या खांद्यावरून पुढे पाहायचे आणि त्याच्याबरोबर राहायचे. आणि चालवणाऱ्याने निघण्यापूर्वी एवढे बोलायचे, 'घाटात गाडी कलेल, घाबरू नका, माझ्याबरोबर राहा.' किती घरांत हे बोलले जाते?

बायकांनी एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसण्याची आपली रीत तर याहून अवघड. तसे बसल्यावर गुडघ्यांनी काही धरता येत नाही, पुढचे वळण दिसत नाही आणि सारी भिस्त एका हाताच्या पकडीवर. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्या चाकाला आडोसा हवा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटले आहे. आपले साडीगार्ड ते हेच. नियमाने रीत सांभाळून घेतली, पण वळण काही रीत पाहात नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुलींचे आपण कौतुक करतो. मग आपल्याच घरातल्या सुनेने सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसण्याला अजून कोठे कोठे नाके का मुरडली जातात? लहान मुलांबाबत फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू आहे: चार वर्षांखालील मूल असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० च्या वर नको. आई-वडिलांच्या मध्ये झोपी गेलेले मूल वळणावर कलते ते स्वतःच्या मर्जीने नव्हे, हे लक्षात घेतले तर हा नियम जाचक वाटणार नाही.

मग हे सगळे शिकायचे कोठे? परवान्यासाठी आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढायला लावतात. संथ गतीत तोल सांभाळता येतो की नाही, हे त्यातून कळते आणि गल्लीबोळांत ते उपयोगीही पडते. पण संथ गतीचे शास्त्र निराळे. तेथे गाडी आत कलवून आपण बाहेर राहावे लागते. वेगात शरीर आत न्यायचे असते. म्हणजे जी परीक्षा घेतली जाते तिचा धडा घाटात उलटा पडतो, आणि घाटाची परीक्षा घाटच घेतो. ब्रेक कोठे सोडावा, नजर कोठे असावी, मूठ कशी ढकलावी, हे मोकळ्या मैदानावर ताशी तीसच्या वेगानेही शिकवता येण्यासारखे आहे. परवाना देणाऱ्यांनी ते अभ्यासात घ्यावे. गाड्या विकणाऱ्यांनी चावी हातात ठेवण्याआधी एक सकाळ त्यासाठी द्यावी. आणि रस्ते राखणाऱ्यांनी पावसाळ्यात निदान वळणांवरची खडी झाडून काढावी.

तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक करावे. एखाद्या रविवारी सकाळी, रहदारी नसताना, मुलाच्या गाडीवर मागे बसून जवळचा एखादा घाट पाहून यावा. तो वळणाआधी ब्रेक सोडतो की वळणात दाबतो, हे मागच्या सीटवर बसल्या बसल्या समजते.