सुरक्षेचा इशारा जादा पैशांवर अवलंबून नसावा

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

विषय : विमानांतील ऐच्छिक सुरक्षा-उपकरणांची जबाबदारी निश्चित करण्याबाबत.

महोदय,

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मॅक्स विमान कोसळले. ३४६ माणसे गेली. त्यांत भारतीयही होते; लायन एअरच्या विमानाचा कप्तान भारतीयच होता. हवेच्या प्रवाहाशी होणारा विमानाचा कोन मोजणारे दोन सेन्सर विमानावर होते, पण एमकॅस ही स्वयंचलित प्रणाली एका वेळी एकाचेच ऐकत होती. त्याने चुकीचा आकडा दिला आणि प्रणाली विमानाचे नाक पुन्हापुन्हा खाली दाबत राहिली.

दोन सेन्सरांचे आकडे जुळत नसल्याचा इशारा प्रत्येक मॅक्स विमानात चालायला हवा होता. सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे तो फक्त कोनदर्शक हे ऐच्छिक उपकरण घेतलेल्या विमानांतच चालत होता. बोइंगला हे २०१७ मध्येच कळले होते. अमेरिकी नियामकाला मात्र लायन एअरच्या अपघातानंतर कळवण्यात आले.

इशारा असता तर अपघात नक्की टळला असता, असे आम्ही म्हणत नाही. पण लायन एअरच्या अपघाताच्या आदल्या रात्री देनपसारहून जाकार्ताला येताना त्याच विमानात हाच बिघाड झाला होता. पडद्यावर इशारा उमटला असता, तर वैमानिकांना तो नोंदवहीत लिहिता आला असता आणि अभियंत्यांचे लक्ष नुकत्याच बदललेल्या त्या सेन्सरकडे जाऊ शकले असते. तसे झाले नाही आणि विमान सकाळी पुन्हा प्रवासी घेऊन निघाले.

आपण मार्च २०१९ मध्ये ही विमाने जमिनीवर उतरवलीत, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. सुधारणांनंतर ती परतली असून आज मुंबईहून रोज उडतात. ऐच्छिक उपकरणांचा प्रश्न मात्र एका मॉडेलपुरता नाही. कंपनीने मागितले नाही असे निर्मात्याने म्हणावे, नियमात नव्हते असे कंपनीने म्हणावे, आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांनी दारोदार फिरावे, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, कोणतेही विमान भारतीय नोंदणीत घेताना त्यासाठी उपलब्ध असलेल्या ऐच्छिक सुरक्षा-उपकरणांची यादी आपण मागवावी. जे घेतले नाही त्याचे लेखी कारण कंपनीच्या जबाबदार व्यवस्थापकाच्या सहीने घ्यावे आणि ते प्रवाशांना पाहता येईल असे प्रसिद्ध करावे. बसवलेला इशारा खरोखर चालतो का, याची चाचणी कागदावर न होता विमानावर व्हावी. सेन्सर बिघडून स्वयंचलित प्रणाली भरकटल्यास काय करायचे, याचा सराव वैमानिकांना सिम्युलेटरवर सक्तीचा असावा.

याबाबत केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
मुंबई व पुणे येथील विमानप्रवासी