प्रार्थना करून सांगते

गेल्या पावसाळ्यात भुकूमच्या एका वस्तीतली एक बाई ओळीनं तीन गुरुवार अंगणवाडीच्या पायरीवर माझी वाट बघत बसली होती. मी गेले नाही. चौथ्या गुरुवारी मी गेले, तेव्हा ती आली नव्हती. तोवर पौडला जाऊन तिनं सही करून टाकली होती. वडिलांच्या माघारी राहिलेल्या जमिनीतला तिचा हिस्सा हक्कसोडपत्रानं भावांकडे गेला होता.

तिचं नाव, वस्ती लिहीत नाही. बाकीचं तिला विचारूनच लिहिते आहे.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, मग भुकूम, मग पिरंगुट. एकेकाळची ही भातखाचरं. आता तिथं बंगले, उंच इमारती आणि ‘जागा विकणे आहे’चे फलक. जमिनीला भाव नव्हता तेव्हा बहिणीच्या हिश्शाची आठवण कुणाला होत नव्हती. भाव आला आणि बहिणींना साडीचोळीसकट बोलावणी येऊ लागली. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. त्या वर्षी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. कायदा असा बहिणीच्या बाजूनं आला खरा, पण भाऊबीज भावाच्याच घरी असते.

मी त्या बाईला काय सांगितलं असतं? ‘सही करू नकोस’ असं नसतं सांगितलं, तो माझा अधिकार नाही. ‘आज करू नकोस, महिनाभर थांब, सातबारा बघू, तुला काय वाटतं ते आधी तुझं तुला कळू दे’, एवढंच म्हटलं असतं. हे एवढंच ऐकायला ती तीनदा आली होती.

आणि मी कुठे होते? पहिल्या गुरुवारी शहरात एका प्रशिक्षणाला, कारण निधी देणाऱ्यांचे पाहुणे येणार होते. दुसऱ्या गुरुवारी आमच्या मंडळीच्या भगिनी समाजाच्या संमेलनाची तयारी होती आणि मी चिटणीस. तिसऱ्या गुरुवारी एका महाविद्यालयात मुलींपुढे ‘स्त्रिया आणि निर्णयप्रक्रिया’ या विषयावर बोलत होते. हसू नका मैत्रिणींनो, खरंच हाच विषय होता. तिन्ही कामं चांगली होती, तिन्हींना मी हो म्हटलं होतं. त्या प्रत्येक होकाराबरोबर पायरीवरच्या त्या बाईला मी नाही म्हटलं, आणि ते तिला कळवलंसुद्धा नाही.

मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. आजी बायबल-बाई होती, खेड्यापाड्यांतून पायी हिंडायची. आमच्याकडे कुणी काम सांगितलं की ‘नाही’ म्हणायची पद्धतच नव्हती. फार तर ‘प्रार्थना करून सांगते’ असं म्हणायचं. विचारणाऱ्याला आणि सांगणारीला दोघांनाही माहीत असायचं, की याचा अर्थ दोन दिवसांनी हो. पाळकसाहेबांच्या तोंडून ‘ही देवाची इच्छा दिसते’ असं आलं, की ते दोन दिवसही उरायचे नाहीत. पुढे चळवळीत आले. तिथं देवाचं नाव नव्हतं, ‘बांधिलकी’ होती. तीही हाक मारायची आणि मी तशीच उठून जायची.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वं आम्ही घोकली. त्यातलं एक म्हणजे मदत मागणाऱ्या माणसाचा स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क. ती १९५७ साली मांडणारे फेलिक्स बीस्टेक येशूसंघी धर्मगुरू होते, हे मात्र मला फार उशिरा कळलं. येशूसंघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलांनी सोळाव्या शतकात आध्यात्मिक साधनेचं जे पुस्तक लिहिलं, त्यात ‘निवड कशी करावी’ हा मोठा भाग आहे. चौथ्या गुरुवारनंतर मी तो नीट वाचला. बराचसा माझ्या डोक्यावरून गेला. तीन गोष्टी राहिल्या. मन उदास, कोरडं झालं असताना आधीचा निर्णय फिरवू नये. निर्णय सुचत नसेल तर ज्याला आपण कधी पाहिलेलं नाही असा एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आलाय असं समजावं, त्याला आपण काय सांगू ते बघावं आणि तेच आपण करावं. आणि निवड करायची ती मुळात चांगल्या किंवा निदान वाईट नसलेल्या गोष्टींतूनच. वाईटाचा प्रश्नच नाही, ते सोडायचंच असतं.

ही शेवटची गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांना फार लागू आहे. आपल्याला कुणी वाईट कामाला बोलावत नाही. चांगल्या कामांनीच आपला दिवस खाल्लेला असतो.

अनोळखी बाईची युक्ती मी करून पाहिली. समजा, एक कार्यकर्ती माझ्यापुढे बसली आहे आणि म्हणते आहे, ‘ताई, आठवड्यातून एक दिवस मी एका गावाला दिला होता. आता संमेलन आलंय, चिटणीस म्हणून नाही कसं म्हणू?’ मी तिला एका वाक्यात उत्तर दिलं असतं. स्वतःला मात्र तीन आठवडे देऊ शकले नाही.

पण या ‘पारख करण्या’बद्दल माझ्या मनात एक अढी होती, ती अजून पुरती गेलेली नाही. देवाचं बोलावणं नक्की कुणाला ऐकू येतं? आणि ज्याला ऐकू येतं, त्याच्या होकाराची भाकरी कोण भाजतं? लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्यातल्या बहुतेकींनी वाचलं असेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. पुढे संसार पुन्हा जुळल्यावर घरात अनाथ मुलं आली, पाहुणे आले, अडलेले-नडलेले आले. माणूस थोर, मन आभाळाएवढं. पण हो टिळकांचं आणि चूल लक्ष्मीबाईंची, हे पानोपानी दिसतं. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात म्हणून आपणही हसतो.

त्याच लक्ष्मीबाईंनी एका बाबतीत मात्र कुणाची घाई चालू दिली नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र राहूनही आपलं सोवळं-ओवळं सांभाळलं. जातपात देवानं केली की माणसानं, याचा त्यांनी स्वतःशी विचार केला आणि तो पक्का झाल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. पाच वर्षं! आज एखादी बाई आपल्या गटात यायचं की नाही, यावर पाच महिने विचार करते म्हणाली, तर आपण तिला ‘जाणीव नाही’ म्हणू.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ मध्ये वाँटेजला त्यांनी धर्म स्वीकारला, पण त्यानंतर काय मानायचं, कुणाला शिकवायचं, कुठे जायचं, हे मठातल्या भगिनींनी आणि बिशपांनी ठरवावं हे त्यांना मान्य नव्हतं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात मान घालायला नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला निघाल्या, तेही त्या भगिनींच्या मनाविरुद्धच. ज्या धर्माला हो म्हटलं, त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांना नाही म्हणता येतं, हे मला आमच्या मंडळीत कुणी शिकवलं नव्हतं. शुभवर्तमान मात्र आम्ही लहानपणापासून वाचत होतो. त्यात येशू पहाटे उठून एकांतात जातो. शिष्य शोधत येतात आणि सगळे तुझी वाट बघताहेत म्हणतात. तो त्या गावात परत जात नाही, पुढच्या गावांना निघतो. दारात रोगी ताटकळत असताना! यावर एकही प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही.

इथवर लिहून थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण सिस्टर लूसी कुरियन यांची गोष्ट मला तसं करू देत नाही. १९९१ साली त्या पुण्यात एका संस्थेत काम करत होत्या. एक गरोदर बाई त्यांच्याकडे आली. नवरा मारून टाकील, आजची रात्र आसरा द्या, म्हणाली. ठेवून घ्यायची सोय नव्हती, अधिकारही नव्हता. सिस्टर म्हणाल्या, उद्या बघू. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. ती गेली, पोटातलं मूलही गेलं. हे सिस्टर स्वतः जाहीरपणे सांगत आल्या आहेत. १९९७ मध्ये वढू बुद्रुकला ‘माहेर’ सुरू झालं.

ही गोष्ट सभांमधून सांगितली जाते ती ‘म्हणून कधी नाही म्हणू नये’ या सुरात. मला ती तशी ऐकू येत नाही. मधल्या सहा वर्षांकडे बघा. हाती होतं तेवढ्यावर येईल तिला हो म्हणत सुटल्या, असं सिस्टरांनी केलं नाही. ज्या घरात हो म्हणता येईल असं घर त्यांनी उभं केलं. बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला याहून वेगळं काय सांगतो? पण हेही खरं, की ती सहा वर्षं त्या बाईच्या उपयोगाची नव्हती. विचार करायला वेळ हवा तो आपल्याला, आणि दारातल्या बाईकडे एक रात्रसुद्धा नसते. पद, समिती, प्रकल्प, संमेलन यांसाठी महिनाभर पारख करावी, जमलं तर दोन महिने. पाठीवर वळ घेऊन आलेल्या बाईसाठी पारख करायची नसते, तिला आत घ्यायचं असतं. माझं मात्र उलटं झालं होतं. समित्यांना मी उभ्या उभ्या हो म्हणत होते आणि दारातल्या बाईला ‘पुढच्या गुरुवारी’.

आपल्या गटांनाही मला हेच विचारायचं आहे. इतिवृत्तात नवीन घेतलेल्या कामांची नोंद असते, सोडलेल्या कामांची का नसते? कुठल्या वस्तीत जाणं बंद झालं, कुठलं सल्ला केंद्र ‘तात्पुरतं’ थांबलं, हे कुणी ठरवलं? बहुधा कुणीच नाही, ते आपोआप झालं. नवीन प्रकल्प घेताना त्याच बैठकीत, याच्या बदल्यात काय थांबणार आणि तिथल्या बायांना ते कोण जाऊन सांगणार, एवढं नावानिशी लिहिलं जावं. यानं कामं कमी होतील आणि निधीही जाईल, याची मला कल्पना आहे. माझा पगारही त्याच निधीतून येतो.

मी चिटणीसपद सोडलं. ‘प्रार्थना करून सांगते’ म्हटलं, खरोखर प्रार्थना केली आणि तीन आठवड्यांनी नाही म्हणून कळवलं. दोन बायका अजून बोलत नाहीत. तिसरीनं हळूच विचारलं, ‘तू कसं ग सांगितलंस?’

ती बाई दिवाळीनंतर भेटली. भीती दाखवून किंवा फसवून सही घेतली असेल, तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘फसवलं नाही ताई. चारदा विचारलं, चौथ्यांदा हो म्हटलं.’ मग थोडं थांबून म्हणाली, धाकट्या बहिणीची सही अजून व्हायची आहे, तिला येत्या गुरुवारी घेऊन येते. तुम्ही असाल ना?

पायरीवर आता एक वही टांगली आहे. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी अंगणवाडीताईंना फोन करायचा आणि त्यांनी ते वहीत लिहायचं. त्या गुरुवारी भूगावच्या कोंडीत पाऊण तास अडकले. पोहोचले तेव्हा दोघी बसलेल्या होत्या. धाकटीच्या पिशवीत सातबाऱ्याचा उतारा होता.