झोपायच्या खोलीला रंग कोणता?

गेल्या रविवारी मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात, धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. चहा पुढे यायच्या आधीच रंगाचे शेड कार्ड पुढ्यात आले. "दादा, तू डॉक्टर ना, तूच सांग. दिवाळीच्या आत रंग काढायचाय." मेहुण्यांना आकाशी हवा होता, कारण निळ्याने म्हणे मन शांत होते. तिच्या सासूबाईंनी वास्तुशास्त्राचे पुस्तक वाचून गुलाबी ठरवला होता. सहा वर्षांच्या भाच्याला पिवळाधमक हवा होता, आणि त्याचे कारण त्याने सांगितले नाही.

मी म्हटले, आधी कपाट सरकवा.

कपाटामागे पश्चिमेच्या भिंतीवर हातभर काळी बुरशी होती. खाडी आणि मिठागरांच्या शेजारचे गाव, चार महिने झोडपणारा पाऊस आणि भिंतीला चिकटून लावलेले कपाट. मग दुसरे काय होणार? भाचा पावसाळाभर रात्री खोकत होता. त्याची औषधे मीच फोनवरून सांगत होतो, पण खोलीत ओल आहे का, हे एकदाही विचारले नव्हते. ही चूक माझी. ओल आणि बुरशी यांनी मुलांचा खोकला, दमा बळावतो, हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे!

बुरशीवर नवा रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. दोन पावसाळे जातात आणि पोपडे निघतात. पाणी बाहेरच्या भेगेतून येते की वरच्या मजल्याच्या नळातून, ते आधी शोधावे. ते बंद करून भिंत पूर्ण वाळू द्यावी. कपाट परत लावताना मागे वीतभर जागा सोडावी.

आता रंगाच्या डब्याविषयी. पिवळा, नारिंगी, लाल अशा भडक ऑइल पेंटमध्ये पूर्वी शिशाची रंगद्रव्ये सर्रास असत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि त्याचे अमुक प्रमाण निर्धोक असे म्हणता येत नाही. आपल्याकडे 2016 साली नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भाग ही शिशाची कमाल मर्यादा लागू झाली. म्हणून डब्यावर शिशाविषयी काय छापले आहे ते वाचूनच घ्यावा. पण घर त्याआधीचे असेल तर दारे, खिडक्या, ग्रिल यांवर जुने थर आहेतच. कारागीर ते कोरडे घासतो, धूळ गादीवर बसते आणि मुलाच्या हातातून तोंडात जाते. घासायचे ते पाणी लावून घासावे, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. मुलांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिलाही तेवढे दिवस दुसरीकडे धाडावे. टर्पेंटाइनचा वास जाईपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये.

आणि निळ्याने शांती? भिंतीच्या रंगाने झोप सुधारते, याला भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. झोपेवर परिणाम होतो तो डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाचा. निळसर उजेड ओळखणाऱ्या खास पेशी आपल्या डोळ्यांच्या पडद्यात असतात. रात्री तो उजेड पडला की झोपेला मदत करणारे मेलाटोनिन कमी स्रवते. तेव्हा भिंत आकाशी करून वर पांढरीफेक ट्यूब आणि उशाशी मोबाइल ठेवला, तर मेहुण्यांना शांती कुठून मिळणार? रात्री मंद, पिवळसर दिवा बरा. भिंतीसाठी मी कोणताही फिकट रंग सुचवीन. समोरची इमारत हाताच्या अंतरावर असते तिथे गडद रंग उजेड गिळतो, दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि ओलीचा डाग लवकर दिसतही नाही. फिकट भिंत चुगली करते, हा तिचा मोठा गुण.

बहिणीने सोसायटीकडे बाहेरच्या भेगेसाठी अर्ज दिला आहे. भाचा सध्या आजीजवळ हॉलमध्ये झोपतो. त्याला फिकट पिवळा चालेल का, असे मी विचारले. धमकच हवा, म्हणाला. भिंत अजून वाळायची आहे.